जर्मनीत घटस्फोट घेताना : तारखा, कागद आणि पगाराचा हिशोब

जर्मनीत संसार मोडू लागलेल्या मराठी घरांतून एक वाक्य हमखास ऐकू येते : "माझ्या नावावर इथे काहीच नाही." बहुधा ते बायकोच्या तोंडचे असते. नवरा ब्लू कार्डावर आधी आलेला, ती मागाहून जोडीदाराच्या व्हिसावर आलेली. भाषा शिकण्यात आणि मूल सांभाळण्यात चार-पाच वर्षे गेलेली, पगार त्याच्या खात्यात, पुण्याचा फ्लॅट त्याच्या नावावर. कधी नेमके उलट असते, कमावती ती आणि घरी तो. तुम्ही कोणत्याही बाजूला असा, हे वाक्य मनात धरून बोलणी करायला बसू नका. नावावर काय आहे एवढे विचारून जर्मन कायदा थांबत नाही. लग्नाच्या दिवशी कोणाकडे काय होते, संसार संपताना काय आहे, आणि दरम्यान कोणाचे किती वाढले, याचा हिशोब तो मागतो. म्हणून वाद पेटला की आरोपांची यादी बाजूला ठेवा. आधी तारखा पक्क्या करा आणि कागद गोळा करा.

पण त्याहीआधी एक प्रश्न सोडवावा लागतो : मालमत्तेला कायदा कोणत्या देशाचा लागणार? जर्मनीतले न्यायालय आहे म्हणून सगळीकडे जर्मन कायदाच लागेल, असे नाही. इथे एक तारीख निर्णायक आहे, २९ जानेवारी २०१९. त्या दिवशी किंवा नंतर लग्न झाले असेल, तर युरोपीय नियमानुसार लग्नानंतर दोघांनी पहिल्यांदा जिथे एकत्र बिऱ्हाड केले त्या देशाचा कायदा लागतो. लग्न पुण्यात झाले, तो लगेच श्टुटगार्टला परतला, ती व्हिसा मिळताच चार महिन्यांनी आली, म्हणजे संसार जर्मनीत सुरू झाला आणि जर्मन कायदा लागला. तेच जोडपे आधी दोन वर्षे औंधला राहून मग आले असेल, तर सुरुवात भारतीय कायद्यापासून होते. जर्मनीतला संसार त्याहून खूपच मोठा असेल तर न्यायालयाकडे अपवाद मागता येतो, पण तो मागावा लागतो.

लग्न २९ जानेवारी २०१९ पूर्वीचे असेल, तर जुना जर्मन नियम लग्नाच्या वेळी दोघांचे जे समान नागरिकत्व होते तिकडे बघतो. दोघे तेव्हा भारतीय असतील, तर पुढे जर्मन पासपोर्ट घेतला तरी हे बदलत नाही. आणि भारतीय कायद्यात, गोवा वगळता, पती-पत्नीची मालमत्ता वेगवेगळी मानली जाते. हिंदू विवाह कायदा, १९५५ मधले कलम २७ लग्नात मिळालेल्या, दोघांच्या मिळून असलेल्या वस्तूंपुरते आहे आणि कलम २५ पोटगीचे. संसारात वाढलेल्या संपत्तीत अर्धा वाटा असा हक्क त्यात नाही. गोव्यातल्या जोडप्यांची गोष्ट वेगळी, कारण तिथे पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेली सामायिक मालमत्तेची पद्धत आहे. आणखी एक वळण म्हणजे जर्मनीतले घर. स्थावर मालमत्ता जिथे असेल तिथला कायदा, असे भारतीय कायदा स्वतःच मानतो. त्यामुळे जुन्या लग्नातही त्या घरापुरता जर्मन कायदा परत येऊ शकतो. वकिलाच्या पहिल्या भेटीत हाच प्रश्न आधी विचारा. तो न विचारता महिनोन्‌महिने वाटणीचे आकडे मांडत बसणे म्हणजे वेळ आणि पैसा दोन्ही घालवणे.

जर्मन कायदा लागत असेल आणि नोटरीसमोर वेगळा करार केलेला नसेल, तर तुमचा संसार आपोआप त्सूगेविनच्या, म्हणजे संसारात झालेली वाढ वाटून घेण्याच्या, पद्धतीत बसतो. संसार चालू असताना ज्याचे ते त्याचेच राहते, कर्जही ज्याचे त्याचे. घटस्फोटाच्या वेळी प्रत्येकाची सुरुवातीची आणि शेवटची निव्वळ मालमत्ता मांडून वाढ काढतात. समजा, लग्नाच्या दिवशी त्याच्याकडे १०,००० युरो होते आणि शेवटी १,३०,००० झाले, वाढ १,२०,०००. तिच्याकडे २०,००० होते, ४०,००० झाले, वाढ २०,०००. फरक एक लाखाचा, त्याचा अर्धा म्हणजे ५०,००० युरो त्याने तिला द्यायचे. फ्लॅटचा तुकडा पडत नाही, शेअर हस्तांतरित होत नाहीत. देणे पैशात होते. म्हणूनच हिंजवडीतला फ्लॅट जर्मन न्यायालयाच्या हाताबाहेर आहे म्हणून निश्चिंत राहणाऱ्याची फसगत होते. फ्लॅटच्या मालकीला न्यायालय हात लावणार नाही, पण त्याची किंमत हिशोबात येते.

सुरुवातीची मालमत्ता सिद्ध करण्याची जबाबदारी जो ती सांगतो त्याची. लग्नाच्या वेळी दोघांनी मिळून यादी केलेली नसेल, आणि आपल्याकडे ती कोणी करत नाही, तर कायदा सुरुवातीची मालमत्ता शून्य धरतो. लग्नापूर्वीची मुदत ठेव, भविष्य निर्वाह निधी, म्युच्युअल फंड यांची त्या महिन्याची विवरणे बँकेतून आजच मागवा. दहा-बारा वर्षांपूर्वीचे कागद मिळायला वेळ लागतो. लग्नापूर्वीचे शैक्षणिक कर्जही नोंदवा, कारण १ सप्टेंबर २००९ पासून सुरुवातीची मालमत्ता उणेही असू शकते. पंधरा लाखांचे कर्ज घेऊन लग्न केले आणि संसारात ते फिटले, तर तीही वाढच.

वारसाहक्काने मिळालेले, आई-वडिलांनी आपल्या मुलाला किंवा मुलीला बक्षीस दिलेले, हे संसाराच्या काळात आले तरी ज्याचे त्याच्या सुरुवातीच्या मालमत्तेत धरतात. पण त्या वस्तूची किंमत नंतर महागाईच्या पलीकडे वाढली, तर ती वाढ मात्र हिशोबात येते. सोन्याच्या बाबतीत हे फार जवळून लागते. माहेरहून आलेल्या पाटल्या, तोडे, ठुशी तुमच्याच राहतात, त्या कोणी मागू शकत नाही. तरी सोन्याचा भाव गेल्या पंधरा वर्षांत महागाईला कितीतरी मागे टाकून गेला आहे, आणि तो फरक तुमच्या वाढीच्या रकान्यात बसू शकतो. म्हणून दागिना केव्हा मिळाला, कोणी दिला आणि तेव्हा किती वजनाचा होता हे दाखवणारी सराफाची पावती शोधा. पावती नसेल तर लग्नाचा अल्बम आणि बँकेच्या लॉकरची नोंद तरी हाताशी ठेवा. दागिने सासरच्या लॉकरमध्ये असतील तर त्यांची लेखी यादी करून ती समोरच्याला पाठवा. स्त्रीधन ही स्त्रीच्याच मालकीची गोष्ट आहे, हे भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली प्रतिभा राणी खटल्यात स्पष्ट केले आहे; तो दावा भारतात वेगळा करता येतो.

भारतातल्या घराचा हिशोब मात्र अनेकदा वाटते तितका भीतिदायक निघत नाही. २०१० मध्ये युरो साठ रुपयांच्या आसपास होता, २०२५ मध्ये तो शंभराच्या घरात गेला. तेव्हा वडिलांकडून मिळालेला साठ लाखांचा फ्लॅट आज एक कोटी वीस लाखांचा झाला, तर रुपयांत दुप्पट. युरोत मात्र एक लाखाचे एक लाख वीस हजार. त्यात महागाईची भर घालून सुरुवातीची किंमत वर नेली की वाढ जवळपास उरतच नाही. हा आकडा न मांडता घाबरून तडजोड करणारे आणि हा आकडा न तपासता मोठ्या रकमेची आशा धरणारे, दोघेही निराश होतात. मूल्यांकन भारतातल्या मान्यताप्राप्त मूल्यांककाकडून करून घ्या आणि त्या त्या दिवसाचा विनिमय दर लावा.

आता उरलेल्या दोन तारखा. एक वेगळे होण्याची. घटस्फोटाआधी साधारण एक वर्ष वेगळे राहावे लागते, आणि समोरचा घटस्फोटाला तयारच नसेल तर तीन वर्षांनी विवाह मोडल्याचे कायदा गृहीत धरतो. एकाच घरात राहूनही वेगळे होता येते, पण मग दोन चुली खऱ्याखुऱ्या हव्यात : झोपणे, स्वयंपाक, कपडे धुणे, खर्च, सगळे वेगळे. हा दिवस ईमेलने किंवा पत्राने कळवून ठेवा, कारण त्या दिवशी समोरच्याकडे काय होते याची माहिती मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. दुसरी तारीख घटस्फोटाचा अर्ज समोरच्याच्या हाती अधिकृतपणे पडण्याची. शेवटची मालमत्ता त्या दिवसाची धरतात, निकालाच्या दिवसाची नाही.

मधल्या वर्षभरात पैसा पातळ होतो, हे कायद्याला ठाऊक आहे. वेगळे होताना ८०,००० युरो आणि अर्जाच्या दिवशी ३०,००० असतील, तर पन्नास हजार कुठे गेले हे ज्याच्याकडून गेले त्यानेच समजावून द्यायचे असते. भावाला बक्षीस, मित्राला न फेडण्याचे उसने, उधळपट्टी, असे काही निघाले तर ती रक्कम पुन्हा त्याच्या हिशोबात जोडली जाते. माहिती देण्यास टाळाटाळ होत असेल तर वकील टप्प्याटप्प्याचा दावा दाखल करतो : आधी माहिती, मग ती खरी असल्याची शपथ, मग रक्कम. रक्कम माहीत नसताना दावा लावता येत नाही असे समजून गप्प बसू नका. आणि घर सोडण्यापूर्वी जे कागद दोघांचे आहेत किंवा घरात उघड ठेवलेले आहेत त्यांच्या प्रती काढा : पगारपत्रके, कर आकारणीची पत्रे, एनआरई आणि एनआरओ खात्यांची विवरणे, डीमॅट, पीपीएफ, विमा, कर्जाचे करार. समोरच्याचा पासवर्ड वापरून त्याच्या मेलमध्ये शिरणे हा मात्र गुन्हा ठरू शकतो; तो मोह टाळा.

जर्मनीत दोघांच्या नावावर घर असेल तर बँकेच्या दृष्टीने कर्ज दोघांचेच राहते, न्यायालय काहीही म्हणो. एकाने दुसऱ्याचा हिस्सा घ्यायचा ठरवला तर बँकेने दुसऱ्याला कर्जातून लेखी मोकळे केले पाहिजे, तोवर नोटरीकडे सही करू नका. जमले नाही तर कोणीही एक जण लिलावाची मागणी करू शकतो आणि लिलावात बहुधा दोघांचे नुकसान होते. कराचा एक सापळा आहे. घर घेऊन दहा वर्षे व्हायच्या आत, बाहेर पडलेल्या जोडीदाराने आपला हिस्सा दुसऱ्याला विकला तर नफ्यावर कर लागू शकतो; २०२३ मध्ये जर्मनीच्या सर्वोच्च कर न्यायालयाने असाच निकाल दिला. घर सोडण्याआधी कर सल्लागाराला विचारा.

निवृत्तिवेतनाची वाटणी ही वेगळीच गोष्ट आहे, आणि इथे मराठी जोडपी सर्वांत जास्त गमावतात. जर्मन जोडप्यांच्या घटस्फोटात न्यायालय संसाराच्या काळात जमलेले पेन्शनचे हक्क स्वतःहून अर्धे-अर्धे करते. दोघांचेही पासपोर्ट भारतीय असतील तर मात्र हे आपोआप होत नाही, त्यासाठी अर्ज करावा लागतो. लग्न तीन वर्षांहून कमी काळ टिकले असेल तरी अर्ज लागतो. त्याच्याकडे संसारातले १२ पेन्शन गुण आणि तिच्याकडे २ असतील, तर वाटणीनंतर तिला निव्वळ ५ गुण मिळतात. जुलै २०२५ मध्ये एका गुणाचे मोल महिना ४०.७९ युरो होते, म्हणजे त्या दराने आयुष्यभर महिना सुमारे २०४ युरो. मूल वाढवताना नोकरी सुटलेल्या स्त्रीच्या म्हातारपणी ही रक्कम फार मोठी ठरते. अर्जाचा मुद्दा वकिलाने काढला नाही तर तुम्ही काढा.

आता उत्पन्न. वादाच्या घटस्फोटात सगळ्यात जास्त ताण इथे पडतो, कारण पोटगीचा प्रत्येक आकडा 'शुद्ध केलेल्या' निव्वळ उत्पन्नावर उभा असतो. नोकरदाराचे मागच्या बारा महिन्यांचे, व्यावसायिकाचे सहसा मागच्या तीन वर्षांच्या सरासरीचे उत्पन्न धरतात. फक्त महिन्याच्या पगारपत्रकातला शेवटचा आकडा पाहू नका. ख्रिसमसचा आणि सुट्टीचा जादा पगार, वार्षिक बोनस, कंपनीच्या गाडीचा खाजगी वापर, कंपनीचे शेअर, कर परतावा, घरभाडे, भारतातल्या ठेवींचे व्याज, स्वतःच्या घरात भाड्याशिवाय राहण्याचा फायदा, हे सारे मोजतात. पण एकच गोष्ट मालमत्तेतही आणि उत्पन्नातही, असे दोनदा मोजू देत नाहीत. शेअरच्या बाबतीत हे लक्षात ठेवा.

मग वजावट. नोकरीच्या खर्चापोटी ढोबळमानाने पाच टक्के, कमीत कमी ५० आणि जास्तीत जास्त १५० युरो. मुलांची पोटगी आधी जाते; ती ड्युसेलडॉर्फच्या तक्त्यावरून ठरते, जो देशभर वापरला जातो आणि साधारण दरवर्षी सुधारला जातो. २०२५ साली किमान रक्कम सहा वर्षांखालच्या मुलासाठी महिना ४८२ युरो, सहा ते अकरासाठी ५५४, बारा ते सतरासाठी ६४९ होती. त्यातून बालभत्त्याचा अर्धा भाग वजा होतो. उरलेल्यावर जोडीदाराची पोटगी. मूल नसलेल्या जोडप्याचे उदाहरण घेऊ. त्याचे निव्वळ ४,०००, वजा १५०, म्हणजे ३,८५०. तिचे १,६००, वजा ८०, म्हणजे १,५२०. फरक २,३३०. कमावणाऱ्यासाठी दहावा भाग बाजूला ठेवून उरलेल्याचा अर्धा, म्हणजे ४५ टक्के : सुमारे १,०४९ युरो महिना.

करवर्गाचा खेळ या आकड्यांत नेहमी असतो. बऱ्याच मराठी घरांत त्याचा वर्ग तीन आणि तिचा पाच असतो, त्यामुळे तिचा पगार आहे त्याहून लहान दिसतो. वेगळे झाल्याच्या पुढच्या १ जानेवारीपासून दोघांचे वर्ग बदलतात, त्याचा हातातला पगार घटतो, तिचा वाढतो. म्हणून जुन्या वर्षाच्या पगारावर ठरवलेली पोटगी नव्या वर्षात पुन्हा मोजा. डिसेंबरअखेरीस वेगळे होण्याऐवजी जानेवारीत वेगळे झाल्याने एका पूर्ण वर्षाचे एकत्र विवरणपत्र भरता येते, आणि ते दोघांच्याही फायद्याचे असते. मात्र जिथे मारहाण किंवा धमकी आहे तिथे करासाठी एक दिवसही थांबू नये.

"मी गावी आई-वडिलांना महिना चाळीस हजार पाठवतो" ही वजावट मराठी घरांत हमखास पुढे येते. आई-वडिलांबद्दलची ती भावना खरी असते. तरी कायद्याच्या क्रमात मुले पहिली, जोडीदार नंतर आणि आई-वडील त्याच्याही नंतर येतात. पोटगी चुकवण्यासाठी नोकरी सोडली किंवा कामाचे तास कमी केले, तर न्यायालय मिळू शकले असते ते उत्पन्न गृहीत धरते. आणि समोरचा पगार दाखवतच नसेल, तर न्यायालय त्याची कंपनी, विमा संस्था, कर कार्यालय यांच्याकडून माहिती मागवू शकते.

पोटगीबाबत एकच गोष्ट आज करायची असेल तर ही करा : लेखी मागणी. मागची पोटगी साधारणपणे ज्या महिन्यात तुम्ही उत्पन्नाची माहिती किंवा रक्कम मागितली तिथपासूनच मिळते. घरचे मिटेल या आशेने आठ महिने काही न लिहिणाऱ्यांचे आठ महिने जातात. मागणीचे पत्र साधे असले तरी चालते, तारीख हवी. आणि वेगळे राहण्याच्या काळातली पोटगी पुढच्यासाठी सोडून देता येत नाही, त्यामुळे "मला काही नको" असे रागाच्या भरात लिहून दिलेले तुमच्यावर बंधनकारक नाही.

माहेरी परत जाण्याचे तिकीट काढण्याआधी सल्ला घ्या. जोडीदाराच्या पोटगीला सहसा ती मागणारा जिथे राहतो तिथला कायदा लागतो, म्हणून पुण्याला स्थायिक झाल्यावर सगळा हिशोब बदलू शकतो. शेवटचा संसार जर्मनीत झाला हा आक्षेप घेता येतो, पण तो आयता मिळत नाही. राहण्याचा परवाना हा दुसरा प्रश्न. जर्मनीत एकत्र संसाराला तीन वर्षे झाली असतील तर जोडीदाराला स्वतंत्र परवाना मिळू शकतो, आणि घरात हिंसा असेल तर त्याआधीही. ११६ ०१६ हा स्त्रियांवरील हिंसेसाठीचा चोवीस तासांचा मोफत फोन आहे; तिथे जर्मन येत नसले तरी दुभाषी मिळतो.

भारतातली मान्यता विसरू नका. नरसिंह राव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली सांगितले की परदेशी घटस्फोट भारतात चालायचा, तर समोरच्याने त्या न्यायालयात स्वेच्छेने हजर राहून भारतीय कायद्यातल्या कारणावर लढलेले असावे, किंवा घटस्फोटाला संमती दिलेली असावी. त्यामुळे जर्मन न्यायालयात गैरहजर राहिलेल्या जोडीदाराविरुद्ध मिळालेला हुकूमनामा पुण्यात दुसऱ्या लग्नाच्या वेळी अडचणीचा ठरू शकतो. जर्मन रकमेची वसुलीही भारतात सरळ होत नाही. जर्मनी परस्पर मान्यतेच्या देशांत नसल्याने त्या निकालावर भारतात नवा दावा लावावा लागतो. भारतात मालमत्ता असेल तर शक्यतो नोटरीच्या करारातच दोन्ही देशांचे सगळे मिटवा.

खर्चाचे थोडक्यात. अर्ज करणाऱ्याला वकील लागतोच, आणि एकच वकील दोघांचा असू शकत नाही. दोघांच्या 'सामायिक' वकिलाची गोष्ट ऐकू आली तर तो फक्त एकाचाच आहे हे समजा. उत्पन्न कमी असेल तर आम्ट्सगेरिष्टमधून, म्हणजे स्थानिक न्यायालयातून, सल्ल्याचे पत्रक मिळते, वकिलाला फार तर १५ युरो द्यावे लागतात. खटल्यासाठीही सरकारी मदत मागता येते. मालमत्तेचा दावा घटस्फोटासोबतच चालवायचा असेल तर तो सुनावणीच्या किमान दोन आठवडे आधी दाखल करावा लागतो. नंतरही करता येतो, पण मुदत आहे : घटस्फोट मार्च २०२६ मध्ये अंतिम झाला आणि ते तुम्हाला तेव्हाच कळले, तर ३१ डिसेंबर २०२९ नंतर समोरचा मुदत संपल्याचे सांगून पैसे नाकारू शकतो.